अफीनं परीक्षा दिली

शिवकन्या सकाळी बीडमधल्या एका क्लासमध्ये भरतीच्या पोरांना इंग्रजी व्याकरण शिकवायची. दुपारी खोलीवर यायची, दोन घास खायची आणि मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून आफ्रिकेतल्या लोकांना इंग्रजी शिकवायची. खिडकीत, कारण खोलीत रेंज तेवढ्याच जागी यायची.

हे दुसरं काम एका ॲपवरचं होतं. ॲपवाल्यांनी तिला फ्रेंच बोलणारे विद्यार्थी दिले होते; बाकीचे आधीच वाटून झाले होते. तिला फ्रेंच येत नव्हतं, पण या लोकांचं इंग्रजी कुठं घसरतं ते तिला वर्षभरात पाठ झालं होतं. दोन्ही भाषांत कितीतरी शब्द दिसायला सारखे आणि अर्थाला वेगळे. समजूतदार माणसाला सेन्सिबल म्हणायचं, तर ही मंडळी हळव्या माणसाला सेन्सिबल म्हणायची. पुस्तकाच्या दुकानाला लायब्ररी म्हणायची. ‘सध्या’ म्हणायचं असलं की ‘ॲक्च्युअली’ म्हणायची. रोज तेच शब्द, रोज तीच दुरुस्ती. कधी कधी आपण काय बोलतोय हे तिचं तिलाच ऐकू यायचं नाही. तोंड आपलं चालू असायचं.

अफी त्यातलीच एक. टोगो देशातल्या एका इस्पितळात ती नर्स होती, चाळिशी ओलांडलेली. आयर्लंडला नोकरीला जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागणार होती. तिची रात्रपाळी संपायची तेव्हा तिकडं सकाळ असायची आणि इथं दुपार. युनिफॉर्म न बदलताच ती स्क्रीनसमोर बसायची.

“कोण बाई हाय गं ती? सारखी जांभया देती,” रतनबाईनं एकदा विचारलं. रतनबाई म्हणजे शिवकन्याची आई. धारूरकडच्या वस्तीवरून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं आली होती. मेंढरं बघायला वडील, म्हाळू, मागं राहिले होते.

“रातपाळी करून येती, माय.”

“मंग झोपायचं सोडून शिकती कावून?”

“परीक्षा हाय तिची.”

परीक्षा हा शब्द त्या घरात जपूनच बोलला जायचा. शिवकन्यानं राज्यसेवेच्या परीक्षा दिल्या होत्या, वयाची अट संपेपर्यंत, दरवर्षी. दिली का, एवढंच वस्तीवरचे लोक विचारायचे. पुढचं विचारायचं त्यांनी हळूहळू बंद केलं होतं.

एका शनिवारी संध्याकाळी अफीचा मेसेज आला. ‘आय पास्ड द एक्झाम टुडे. थँक यू, टीचर.’

शिवकन्या भाजी निवडत होती, ती उठूनच उभी राहिली. आजकाल कॉम्प्युटरवर निकाल लगेच लागतो, असं तिला वाटलं. “माय, पास झाली गं!”

“कोण?”

“अफी. ती जांभयावाली.”

“आगं बया!” रतनबाईनं डोळ्यावरचा हिरवा चष्मा काढून हात जोडले. “लई चांगलं झालं. लई कष्ट केले बाईनं.”

शिवकन्यानं तो मेसेज अमरसिंहला पाठवला. हा ॲपवाल्यांचा माणूस, शिक्षकांची कामं बघायचा. त्यालाही आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ॲपच्या पानावर अफीचा हसरा फोटो आला आणि खाली लिहिलं होतं की आमच्या विद्यार्थिनीनं पहिल्याच प्रयत्नात यश मिळवलं. शिवकन्यानं तो फोटो तीनदा उघडून पाहिला. आपण शिकवलेलं कुणीतरी कुठंतरी पोचलं, असं तिला कितीतरी वर्षांनी वाटलं होतं.

सोमवारी अफी स्क्रीनवर आली ती हसत नव्हती.

“टीचर, ॲपवरचा माझा फोटो बघून वॉर्डात सगळ्यांनी केक आणला. मेट्रननं गाणं म्हटलं. मला वाटलं निकाल लागला आणि मलाच उशिरा कळलं. मी माझ्या आईला फोन करून सांगितलं, ती रडली. मग मी बघितलं तर निकाल अजून लागलेलाच नाही.”

“पण तुम्हीच लिहिलं होतं ना, ‘आय पास्ड’?”

“हो. आय पास्ड. सकाळी गेले, बसले, पेपर लिहिला. आय पास्ड.”

शिवकन्यानं घाईघाईनं मोबाइलवरच शोधलं आणि तिला दिसलं ते असं: फ्रेंचमध्ये परीक्षा ‘पासे’ करणं म्हणजे नुसती परीक्षेला बसणं. पास होण्याला त्यांचा शब्द दुसराच. इतक्या जोड्या तिनं घोकून घेतल्या होत्या, पण ही एक तिच्याकडं नव्हती.

“म्हणजे तुम्ही असं म्हणायला हवं होतं,” ती इंग्रजीत बोलायला लागली, “आय गेव्ह द एक्झाम.” आणि तिथंच अडखळली. हेही चूकच. इंग्रजीत परीक्षा देतो तो परीक्षा घेणारा. बसणारा देत नाही. ‘आय गेव्ह’ हे आपलं, मराठीतून आलेलं. भरतीच्या पोरांच्या वहीत ती ते रोज खोडायची, आणि स्वतःच्या तोंडी मात्र तेच आलं.

“टुक,” ती शेवटी म्हणाली. “आय टुक द एक्झाम.”

“टुक,” अफीनं लिहून घेतलं. मग पेन ठेवलं. “टीचर, आय ॲम डिसीव्ह्ड.”

शिवकन्या स्क्रीनकडं वाकली. डिसीव्ह्ड म्हणजे फसवली गेलेली. “अफी, मी तुम्हाला फसवलं नाही हो. माझा समज चुकला.”

“फसवलं?” अफी गोंधळली. तिनं छातीवर हात ठेवला. “नाही, नाही. देसू. इथं. देसू.”

ही जोडी मात्र शिवकन्याला ठाऊक होती. फ्रेंचमध्ये देसू म्हणजे हिरमोड झालेला. कितीजणांना तिनं ती शिकवली होती.

“डिसअपॉइंटेड,” ती म्हणाली.

अफीनं तेही लिहून घेतलं. शिवकन्याला वाटलं, आधीचा शब्द तरी कुठं फारसा चुकीचा होता? न विचारता कुणाचा फोटो लावायचा, त्याच्या आईला रडवायचं, याला आणखी काय म्हणतात?

तास संपल्यावर तिनं अमरसिंहला फोन लावला.

“मॅडम, राहू द्या की,” तो म्हणाला. “निकाल आल्यावर होईलच ती पास.”

“आणि नाही झाली तर?”

“तर कोण बघतंय?”

“तिचा वॉर्ड बघतोय, सर. काढा ते.”

त्यानं काढलं, पण नाखुशीनं. पुढच्या आठवड्यापासून शिवकन्याकडं नवे विद्यार्थी यायचे थांबले. तिनं अफीकडून मेट्रनचा पत्ता घेतला आणि साध्या इंग्रजीत मेल लिहिला की अफी खोटं बोललेली नाही, चूक तिच्या शिक्षिकेची आहे. पाठवण्याआधी तिनं तो पुन्हा पुन्हा वाचला. एकही शब्द आता तिला भरवशाचा वाटत नव्हता. मेट्रनचं उत्तर एका ओळीचं आलं: आम्ही अफीला ओळखतो.

निकाल लागला. लेखनात अफी थोडक्या गुणांनी गेली.

‘आय टुक द एक्झाम. आय डिड नॉट पास,’ तिनं कळवलं.

दोन्ही वाक्यं बरोबर होती. इतर वेळी शिवकन्यानं लगेच शाबासकी दिली असती. आज तिनं नुसतं ‘ओके, अफी’ लिहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

“काय झालं गं?” रतनबाईनं विचारलं.

“गेली, माय. नापास झाली.”

रतनबाई भिंतीला टेकून बसली. “तिच्या मायला कुणी सांगितलं आसंल?”

“तिनंच.”

“हां. तूच सांगायचीस मलाबी. वस्तीवर यायच्या आधी फोन करून सांगायचीस, म्हंजी आल्यावर कुणी इचारू नये.” तिनं लेकीकडं पाहिलं. “मी न्हाई कधी तुला बोलले त्यावरून.”

“न्हाई बोललीस.”

“बोलायला पायजे व्हतं काय?”

“काय बोलली आसतीस?”

रतनबाई उठली आणि चहा ठेवायला गेली.

अफी दोन महिने आली नाही. शिवकन्यानं तिचं नाव आपल्या मनातून जवळजवळ काढून टाकलं होतं. रतनबाई गावाकडं परतली, बीडमध्ये ऊन वाढलं, क्लासमधली जुनी पोरं गेली आणि नवी आली. मग एका दुपारी वेळापत्रकात अफीचं नाव पुन्हा दिसलं. ती आली तेव्हा तोच युनिफॉर्म, डोळे तांबडे.

“पुन्हा बसणार?” शिवकन्यानं विचारलं.

“पुन्हा. पण रात्री दोन बाळंतपणं झाली, टीचर. आज हळू शिकवा.”

शिवकन्यानं निबंधाचा एक उतारा स्क्रीनवर उघडला आणि हळूहळू वाचायला लागली. दुसऱ्या परिच्छेदावर तिनं प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही. अफीचं डोकं एका बाजूला कललं होतं, तोंड किंचित उघडं, हातात पेन तसंच. तिच्या मागं कुठंतरी कोंबडा आरवत होता.

विद्यार्थी प्रतिसाद देत नसेल तर कॉल बंद करावा, असा ॲपचा नियम होता. शिवकन्यानं कॉल बंद केला नाही. खाली हातगाडीवाला ओरडत येत होता, म्हणून तिनं आपला माइक तेवढा बंद केला. मग खिडकीच्या कठड्याला पाठ टेकून तीही डोळे मिटून बसली, तास संपेपर्यंत.