ऑक्टोबरातलं थँक्सगिव्हिंग

डेट्रॉइटहून बहिणीचा फोन आला. "दादा, तू नॉटिंगहॅमातच आहेस, तर त्या पोराकडे जेवून ये आणि तो कसा आहे ते सांग. तू हो म्हणालास की आम्ही लग्नाला हो म्हणू."

तिची मुलगी निधी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. पोरगा तिच्याच वॉर्डातला डॉक्टर. अंशुमन, विंडसरचा. राजवाड्याचं विंडसर नव्हे, कॅनडातलं. अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि ते विंडसर यांच्यामध्ये फक्त नदी. दोघं एकमेकांच्या गावचे दिवे बघत वाढली आणि भेटली नॉटिंगहॅमच्या लिफ्टमध्ये.

अंशुमननं थँक्सगिव्हिंगचा बेत केला होता. सणाला लागणारी टर्की न मिळाल्यामुळे कोंबडीचा.

"मामा, खरं थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरमध्ये असतं," निधी म्हणाली. "ही कॅनडाची रिहर्सल आहे."

"आमच्याकडे थंडी लवकर येते, म्हणून सणपण लवकर," अंशुमन म्हणाला. "सॉरी."

"सॉरी कशाबद्दल?" मी विचारलं.

"थंडीबद्दल."

मी कोंबडीकडे बघून मान डोलावली. अजून कुणालाच हो म्हणालो नव्हतो.

शेजारच्या इंग्लिश मिसेस बार्लोही जेवायला होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हा अमेरिकन लोकांचे सण किती गोड असतात."

अंशुमननं हसून बटाटे पुढे केले. त्याची नागपूरची आजीसुद्धा 'नातू अमेरिकेत असतो' असंच सांगते. त्याला सवय होती.

निधीनं काटा खाली ठेवला. "तो कॅनडियन आहे," ती मिसेस बार्लोंना म्हणाली. "हा त्यांचा सण आहे. आणि त्यांची तारीख हीच आहे."

अंशुमनच्या हातात बटाटे तसेच राहिले. "तू आत्ताच रिहर्सल म्हणालीस," तो मराठीत पुटपुटला.

"ते मी म्हणायचं. यांनी नाही."

मग दोघांची इंग्लंडविरुद्ध युती झाली. इथे पाण्यात बर्फ का घालत नाहीत, बेसिनला दोन वेगळे नळ कशाला, एवढाशा फ्रिजमध्ये माणसं ठेवतात तरी काय. मिसेस बार्लोंनी उरल्यासुरल्या साम्राज्याची बाजू एकटीनं लढवली आणि कोंबडी दोनदा वाढून घेतली.

घरी येऊन मी बहिणीला फोन लावला. "माझा होकार."

"इतका आवडला?"

"बरा आहे. जरा जास्त सॉरी म्हणतो. पण आपली निधी आज कॅनडाच्या बाजूनं भांडली."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

"काय करतेस?"

"पासपोर्ट शोधतेय. नदी ओलांडून व्याह्यांकडे चहाला जायला तरी लागेल ना."