शून्य नोंदींचे सभासद

खुशालमामांना चष्मा लागला होता, पण तो लावायचा त्यांना कंटाळा. मूलच्या बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये ते रीताच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पडद्याच्या इतके जवळ गेले की रीतालाच बाजूला सरकावं लागलं.

"हे सगळे आपले सभासद होय?"

"हो मामाजी. नावापुढं जो आकडा हाय ना, तेवढ्या वेळा त्यानं संस्थेच्या वजनकाट्यावर मासोळ्या आणल्या."

खुशालमामा म्हणजे रीताच्या आईचे थोरले भाऊ आणि सावरटोल्याच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. गावचा मोठा मालगुजारी तलाव या संस्थेकडे, आणि गावातलं जवळजवळ प्रत्येक ढिवर घर संस्थेचं सभासद. २००९ च्या उन्हाळ्यात मागच्या तीन-चार वर्षांच्या वह्यांतल्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं, तेव्हा मामा सभेत म्हणाले होते, "घरची पोरगी शिकली हाय, मंग बाहेरच्याच्या दारात काऊन जाऊ?" ते ऐकून रीताचा ऊर भरून आला होता. तिचे वडील ती शाळेत असतानाच तापानं गेले. तलावात पोहायला तिला मामांनी शिकवलं. बारावी झाल्यावर आपल्या राजदूत मोटारसायकलवर मागं बसवून चंद्रपूरच्या कॉलेजात मामांनीच नेलं, आणि वसतिगृहात जागा नाही म्हणणाऱ्या बाबूसमोर ते ठाण मांडून बसले ते खोली मिळाल्यावरच उठले. अशा माणसाचं काम म्हटल्यावर रीतानं त्यात जीव ओतला.

पीएचपी या संगणकभाषेचं एक फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, ती तेव्हा नव्यानंच शिकत होती. त्यात एकदा सांगून ठेवायचं की एका सभासदाच्या अनेक आवक-नोंदी असतात. मग सभासदांचं टेबल आणि नोंदींचं टेबल यांची सांगड ते आपणच घालतं. पहिल्या खेपेला तिनं प्रत्येक सभासदाच्या सगळ्या नोंदी मागवून मग त्या मोजल्या होत्या. पान उघडेपर्यंत मामा खाली जाऊन चहा पिऊन आले. मग तिनं मोजायचं काम डेटाबेसवरच सोपवलं. दोन्ही टेबलं जोडायची, सभासदाप्रमाणे गट पाडायचे आणि फक्त आकडा आणायचा. आता पान झटक्यात उघडत होतं.

पण मामांचं बोट पडद्यावरून खाली उतरत जाऊन थांबलं.

"एवढेच नाई ना आपले लोक. चैतू कुठी गेला? बाया कुठी गेल्या?"

रीताच्या लगेच ध्यानात आलं. टेबलं जोडताना ज्याची एकही नोंद नाही, त्याला जोडायलाच काही सापडत नाही आणि त्याचं नाव गळून जातं. तिनं तसं समजावून सांगितलं.

"म्हणजे ज्याइचं शून्य, ते दिसतच नाईत," मामा म्हणाले. "मले तेच पायजेत, पोरी."

"काऊन मामाजी?"

"अवंदा जिल्ह्यावरून नवे जाळे येऊन राह्यले. ज्याच्याकडून काईच येत नाई, त्याले पयले द्यावं म्हणतो."

रीताला ते फार आवडलं. तिनं जोडणी बदलली. नोंद असो वा नसो, सभासद सगळे ठेवायचे. तरी शून्यवाल्यांपुढं शून्याऐवजी १ हा आकडा येऊ लागला, कारण ती नोंदींऐवजी नुसत्या ओळी मोजत होती. तेही तिनं सुधारलं. मग अट घातली, की आकडा शून्य असेल तेवढेच दाखव.

नावं आली. दोन-चार म्हातारे, चैतूसारखे पुण्याकडं कामाला गेलेले काही, आणि बाकी सगळ्या बाया. त्यात 'प्रेमिला' हे नाव पाहून रीता हसली. ती तिची आई. मामांनी कागद छापून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी तिनं शेजारच्या चंदाबाईच्या मोबाईलवर फोन लावून आईला सांगितलं, "माय, तुले नवं जाळं भेटते बघ."

जाळं काही आलं नाही.

पावसाळा सरता सरता रीता गावी गेली तेव्हा आई ओसरीत धान पाखडत होती. लेक आलेली पाहून ती उठली नाही. रीतानं पिशवी ठेवली, पाणी प्याली, तरी आईचं सूप थांबेना. शेवटी आईनंच पदराखालून एक कागद काढून पुढं सरकवला. संस्थेची नोटीस होती. संगणकीय नोंदींनुसार सलग तीन वर्षं काट्यावर मासळी न आणल्यामुळं उपविधीप्रमाणे आपलं सभासदत्व रद्द करण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली मामांची सही.

"हे सगळ्या बायाइले आलं?" रीतानं विचारलं.

"सगळ्याइले."

तेवढ्यात चंदाबाई आल्या. बायांच्या गटाच्या त्या पुढारी. बोलायला कधी मागंपुढं न पाहणाऱ्या. पण त्या दिवशी त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या आणि हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. मामांना मोठा तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा होता. ठेकेदार आला की काठानं झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, धरणं, टोपलीनं मासोळ्या काढणं बंद. बायांचं पोट त्याच्यावर. म्हणून यंदाच्या निवडणुकीत बायांनी आपलं पॅनल उभं करायचं ठरवलं होतं. "अन् तुया कंपूटरनं आमचं नावच काढून टाकलं," चंदाबाई म्हणाल्या.

"मी जाळ्यासाठी काढून देल्ली होती नावं. मले मामाजीनं तसंच सांगतलं होतं."

आईनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "तुले माईत नोयतं का, मी काट्यावर जात नाई म्हणून? तुया डोळ्यासमोर झिंगे घेऊन मूलच्या बाजारात बसतो मी. त्याच झिंग्यावर शिकली तू."

रीताला माहीत होतं. माहीत असूनच ती त्या शून्याकडं पाहून हसली होती.

ती तशीच मामांच्या घरी गेली. मामा अंगणात बाजेवर बसून जाळ्याची फाटकी घरं विणत होते. तिला पाहून त्यांनी मामीला चहा ठेवायला सांगितलं.

"मामाजी, तुमी मले जाळ्याचं सांगतलं होतं."

"हो."

"खोटं सांगतलं."

मामांचे हात थांबले नाहीत. "उपविधीत लिवलं हाय. मी माया मनानं काई केलं नाई. मोजलं कोणं? तूच मोजलं ना? मी फक्त विचारलं."

"खरं सांगतलं असतं तं मी करून देल्लं नसतं."

"म्हणूनच नाई सांगतलं," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती आणि रागही नव्हता. रीताला तेच फार लागलं. त्यांनी तिला पारखून ठेवलं होतं. ती कशाला नाही म्हणेल आणि कशाला हुरळून जाईल, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि ते त्यांनी असं वापरलं.

चहा आला. तिनं कपाला हात लावला नाही. मामा थोडे पुढं सरकले.

"प्रेमिलाचं मी पाहून घेतो. माई बहीण हाय ते. निवडणूक होऊन जाऊ दे, मंग तिचं नाव परत टाकतो. तू फक्त चूप राय."

"अन् चंदाबाईचं?"

मामा पुन्हा जाळ्याकडं वळले. रीता उठली.

दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये ती बराच वेळ पडद्यासमोर बसून होती. पासवर्ड तिच्याकडंच होता. प्रत्येक बाईच्या नावावर एकेक आवक-नोंद घातली असती तरी शून्य उरलं नसतं. आईच्या नावावर तिनं एक नोंद टाकलीही. तारीख घातली, मासळीचा प्रकार 'झिंगे' लिहिला. मग तिच्या मनात आलं, उद्या कोणी काट्यावरची पावती मागितली तर? बायांचं खरं म्हणणंही त्या एका नोंदीपायी खोटं ठरलं असतं. तिनं ती पुसली आणि चंदाबाईला फोन केला. बायांनी सहकार निबंधकांच्या कार्यालयात तक्रार दिली होती. तिथं आपण येऊन बोलू, असं रीतानं सांगितलं.

सुनावणीला अर्धं सावरटोला मूलला आलं. बाया खाली जमिनीवर बसल्या, आई भिंतीला टेकून. मामा पांढरा सदरा घालून खुर्चीवर. अधिकारी शांत माणूस होता. त्यानं आधी सगळे कागद वाचले आणि मग रीताला उभं केलं.

"हे तुम्ही तयार केलं? आकडे चुकले आहेत का?"

"नाही साहेब, आकडे बरोबर आहेत. पण ते काय मोजतात, ते सांगायचं होतं."

मग तिनं सांगितलं. एका आवक-नोंदीत सभासदाचा एकच क्रमांक बसतो. नवरा-बायको दोघं जाळं ओढतात, दोघं मासोळ्या वाहून काट्यावर आणतात, पावती मात्र नवऱ्याच्या नावानं फाटते. त्या पावतीवरून नोंद होते. म्हणून नवऱ्यापुढं आकडा येतो आणि बायकोपुढं शून्य. बाईनं मासळी आणली की नाही, हे त्या शून्यावरून कळत नाही. पावतीवर तिचं नाव नव्हतं एवढंच कळतं. मी तेव्हा हा विचार करायला हवा होता, असंही ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं संस्थेचे सचिव सोमाजी यांच्याकडं पाहिलं. सोमाजी उभे राहिले, एकदा मामांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "खरं हाय साहेब. एकच नाव लिवतो आमी. पयलेपासून तसंच हाय."

खालून बायांची कुजबुज झाली. रीताच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. तेवढ्यात खुशालमामा उठले. सावकाश, हात जोडून.

"साहेब, पोरगी बरोबर बोलली. मंग एक इचारतो. ज्या बाईले नवरा नाई, तिच्या मासोळ्या कोणाच्या नावानं येतात?"

ते अधिकाऱ्याशी बोलत होते, पण पाहत होते रीताकडं. अधिकाऱ्यानंही तिच्याकडं पाहिलं.

"तुमच्या माहितीत अशा बाया आहेत?"

रीताला वाटलं, आईकडं बघू नये. तरी तिनं बघितलं. आई तिच्याकडंच पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, काहीच नव्हतं.

"आहेत," रीता म्हणाली. "माझी आई आहे. ती झिंगे धरते आणि थेट बाजारात विकते. काट्यावर आणत नाही."

"कधीच नाही?"

"नाही साहेब."

मामा बसले.

आठवड्याभरात निकाल आला. ज्यांच्या घरून काट्यावर मासळी आली, त्या बायांचं सभासदत्व कायम. विधवांनी काट्यावर मासळी आणल्याचा काहीच आधार नसल्यामुळं त्यांची नावं रद्दच. त्यांनी हवं तर नव्यानं अर्ज करावा. नव्या अर्जावर अध्यक्षांची शिफारस लागत होती.

निवडणुकीत चंदाबाई आणि त्यांच्या दोघी जणी निवडून आल्या. अध्यक्ष मामाच राहिले, पण तलाव ठेकेदाराला देण्याचा ठराव त्यांना त्या वर्षी आणता आला नाही. रीताचा पासवर्ड एके दिवशी चालेनासा झाला. चंद्रपूरच्या कोणा माणसाकडं काम दिलं, असं सोमाजींनी तिला रस्त्यात भेटून सांगितलं, आणि सांगताना ते तिच्याकडं न बघता सायकलच्या घंटीशी खेळत राहिले.

आईनं अर्ज केला नाही. भावाची शिफारस मागायला ती गेली नाही आणि तोही आला नाही. सभासदत्व गेल्यानं तलावाचा काठ सोडून ती आता गावाबाहेरच्या नहरात आणि शेतांमधल्या बोड्यांत, म्हणजे छोट्या तळ्यांत, झिंगे धरायची. तिथं ते कमी मिळत. चंदाबाई कधी कधी आपल्या वाट्याच्या मासोळ्या आणून द्यायच्या. आई घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी काहीतरी परत पाठवायची.

थंडी पडल्यावर एका बाजाराच्या दिवशी रीता सेंटरमधून लवकर सुटून आईजवळ जाऊन बसली. गिऱ्हाईक कमी होतं. आई झिंग्यांवर पाणी शिंपडत होती.

"माय, मी खोटं बोलायले पायजे होतं का तेव्हा?"

आईनं आधी एका बाईला झिंगे मापून दिले, सुटे पैसे परत केले.

"नाई," ती म्हणाली. "तुया मामानं तुयाच तोंडून वदवून घेतलं मायासमोर. ते मी इसरत नाई. त्याचा राग जात नाई आता मेल्याबिगर." तिनं हात पदराला पुसले. "तुयाबी राग येते. हसून फोन केला होता तू जाळ्यासाठी. मी वाट पायली होती त्या जाळ्याची."

रीताची मान खाली गेली.

"तुया राग जाईन," आई म्हणाली. "पण आताच नाई."

मग एक गिऱ्हाईक आलं आणि झिंगे ताजे आहेत का म्हणून विचारू लागलं. आईनं टोपली त्याच्यापुढं तिरपी केली, आणि रीता बाजूला सरकून बसली.