पिंपळाच्या कुंडीतले पांढरे किडे

बुद्धपौर्णिमेला चार दिवस राहिले होते. अंजनानं पिंपळाच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं आणि बुडातल्या भोकातून पाण्याबरोबर पांढरी भुकटी वाहत आली. ती भुकटी वळवळायला लागली, तशी अंजना दोन पावलं मागं सरली. रव्याहूनही बारीक जीव होते, शेकड्यांनी.

पिंपळ साधासुधा नव्हता. तीन वर्षांपूर्वी तिची सासू चंद्राबाई नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली, तेव्हा परतीच्या वाटेवर एका भिंतीच्या फटीतलं बोटभर रोप तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं. कोरेगावजवळच्या त्यांच्या गावी शेरडं काही जगू देत नव्हती, म्हणून ते कुपवाडला सुनेकडं आलं. "इहार बांधून झाला की दारात लावू. तवर तू सांभाळ," एवढंच सासू म्हणाली होती. यंदा विहार पुरा झाला, सागवानी दार बसलं. पौर्णिमेला रोप लावायचं सगळ्या वस्तीनं ठरवलं. रोप आता अंजनाच्या कमरेला लागत होतं. पण आठवडाभर त्याची खालची पानं पिवळी पडून गळत होती.

"वाळवी हाय ही!" मागून घरमालकीण रंगुबाई ओरडली. "मागल्या साली माझी चौकट खाल्ली, बघितलंस न्हवं? आदी ही कुंडी भाईर काढ."

रंगुबाई आत गेली आणि किड्यामुंग्यांच्या पावडरीचा पुडा घेऊन आली. "मूठभर टाक. किडं तरी मरत्याल, न्हाईतर झाड तरी मरंल. कायतरी एक मिटंल."

अंजनानं पुडा फोडला. उग्र वास नाकात गेला. शेंड्याला तांबूस, कोवळं पान नुकतंच उलगडत होतं. तिचा हात तिथंच थांबला.

"ह्यांना येऊ द्या सांजच्याला," ती म्हणाली. "तवर कुंडी भाईर ठेवते."

नवरा सोपान एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला होता. संध्याकाळी आल्या आल्या, चहासुद्धा न घेता तो कुंडीपाशी उकिडवा बसला. मातीला काडी लावली, तसे दोन-चार पांढरे ठिपके टुणकन उडाले.

"वाळवी अशा उड्या मारत न्हाई," तो म्हणाला. "पर ह्ये काय हाय, ते मला ठावं न्हाई. सांगलीच्या एका कॉलेजातल्या शिंदे मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू मी करून दिलाय. उद्या त्यास्नी दाखव. बघितल्याबिगर औषध टाकू नगं."

दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओली माती घेऊन अंजना सांगलीला गेली. कॉलेजला सुट्टी लागली होती. शिंदे मॅडम प्रयोगशाळेत एकट्याच पेपर तपासत होत्या. सोपानचं नाव सांगताच त्यांनी पेपर बाजूला सारले. चिमूटभर माती काचेवर घेऊन थोडा वेळ स्वतः बघितलं आणि मग अंजनाला बोलावलं.

"एक डोळा मिटा. काय दिसतंय?"

आधी काहीच दिसेना. मग एकदम दिसलं. "पाय हायत. सहा. पुढं दोन मिशा."

"पोटाखाली बघा."

"चिमट्यावानी कायतरी दुमडून ठेवलंय."

मॅडमनी काचेला टिचकी मारली. किडा दिसेनासाच झाला आणि अंजना दचकून मागं झाली. मॅडम हसल्या.

"तो चिमटा सुटला की हा उडतो. वाळवीला असलं काही नसतं. इंग्रजीत स्प्रिंगटेल म्हणतात; मराठी नाव मला तरी ठाऊक नाही. कुजका पाला आणि बुरशी खाऊन राहतात. लाकूड खात नाहीत, चांगल्या मुळांनाही सहसा काही करत नाहीत."

"मग पानं का पिवळी पडत्यात?"

"पाणी किती घालता?"

"उनाळा हाय म्हणून तीनदा."

"दिवसातून? अहो, बुडवलंत की त्याला! माती सारखी ओली, म्हणून तर हे एवढे वाढले. आता दोन दिवस पाणी बंद. पुढंही माती वरून सुकल्याशिवाय घालायचं नाही."

"आन् पावडर टाकली असती तर?"

"किडे मेले असते. पानं पिवळीच राहिली असती."

अंजनाला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. कालपासून छातीवर धोंडा ठेवल्यागत झालं होतं, तो उतरला. सासूला काय सांगायचं हे तिनं येताना बसमध्ये दहा वेळा मनात घोळवलं होतं. आता काहीच सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर तिनं काळ्या तव्यात पाणी घेतलं, त्यात माती सोडली आणि रंगुबाईला बोलावलं. पांढरे जीव पाण्यावर तरंगले. तिनं फुंकर मारताच उडायला लागले.

"तुमच्या चौकटीतली वाळवी अशी उडायची का?"

"न्हाई बया. ती नुसती सरपटायची. आन् ह्याच्यापरास लय मोठी हुती." रंगुबाईनं तव्यात बोट घालून बघितलं. "मग घे कुंडी परत घरात." पुडा मात्र तिनं आठवणीनं परत नेला.

पौर्णिमेला सकाळच्या एसटीनं कुंडी गावी पोचली. विहारापुढं खड्डा तयार होता. सोपाननं कुंडी फोडली आणि मातीचा गड्डा मोकळा केला, तोच चंद्राबाई ओरडली, "अगं बया, कीड लागलीया!" सगळ्यांचे हात थांबले.

"आत्या, कीड न्हवं ती," अंजना पुढं होत म्हणाली. "कुजका पाला खात्यात. झाडाला न् दाराला काय करत न्हाईत. मी सोता सूक्ष्मदर्शकातून बघितलंय."

"ठेव रं खड्ड्यात," चंद्राबाई सोपानला म्हणाली. मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागली. बाकीच्या बायाही लागल्या.

वंदना झाली, खीर वाटली. अंजनानं दोन वाट्या खाल्ल्या आणि विहाराच्या गार फरशीवर पदर डोक्याखाली घेऊन जी झोपली, ती उन्हं कलली तरी उठली नाही. चंद्राबाईनं कुणालाही तिला उठवू दिलं नाही.