व्यायामशाळेच्या दाराबाहेरची बंदूक

मी एक जुनी बंदूक आहे. मित्रांनो, लगेच मागे सरकू नका. मी लाकडाची आहे, आतून-बाहेरून. मला नळी नाही, घोडा नाही, गोळी जाईल असं भोकसुद्धा नाही. गोळीचं सोडा, माझ्यात वाळवीला शिरायचं झालं तरी तिला स्वतःच रस्ता खणावा लागेल.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या एका गावच्या शाळेने मला विकत घेतलं, पांढरा रंग दिला आणि बुडाशी शाळेचं नाव घातलं. या शाळेच्या बँडपुढे मुलींचं एक पथक चालतं. काही जणी निशाणं फिरवतात, काही जणी माझ्यासारख्या बंदुका हवेत उंच फेकतात आणि गरगरत खाली आल्या की झेलतात. झेलली की टाळ्या. नाही झेलली की मुलीचं बोट सुजतं आणि आमचा रंग उडतो. फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला मी किती उंच गेले आहे म्हणून सांगू! वरून चर्चचा कळस दिसायचा, पलीकडचं हरणांचं रान दिसायचं. त्या रानात शिकारीचा हंगाम सुरू होतो त्या सोमवारी आमच्या शाळेला सुट्टी असते. नाताळची असते तशीच, रीतसर. गावातल्या घराघरांत खऱ्या बंदुका आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही.

मला सगळ्यात उंच फेकायची ती कॉरिन हूबर. शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. एका संध्याकाळी तिच्या हातून मी निसटले आणि मानेपाशी चिरले. ती रडवेली झाली.

"रडतेस काय! तुझे बाबा सुतारकाम करतात ना?" पथकाच्या स्ट्रॉब बाई म्हणाल्या. "घेऊन जा हिला घरी. सांधली की आण."

बाबांनी मला सरस लावून पकडीत आवळलं. मी पहिल्यापेक्षा मजबूत झाले. कॉरिन मला घोंगडीत गुंडाळून परत घेऊन निघाली. व्यायामशाळेला मागचं दार आहे, आमची ये-जा तिथूनच. त्या दिवशी नेमका दारापुढे बर्फाचा ढीग होता. म्हणून ती पुढच्या दाराने आत शिरली आणि वर्गांमधल्या लांब कॉरिडॉरमधून चालू लागली.

आता नियम सांगते. शाळेच्या इमारतीत शस्त्र, किंवा शस्त्रासारखं दिसणारं काहीही, कुणी आणलं तर तो विद्यार्थी एक वर्ष शाळेबाहेर. का आणलं, कुणाच्या परवानगीने आणलं, हे विचारायचं नाही. आमच्या पथकाला सूट होती, पण व्यायामशाळेपुरती. म्हणजे व्यायामशाळेच्या दाराआत मी खेळाचं सामान आणि दाराबाहेर शस्त्र. मी तीच, कर्तबगारी सगळी दाराची.

एका नव्या शिक्षिकेला घोंगडीतून माझं टोक दिसलं. धोक्याची घंटा झाली. वर्गांची दारं बंद, दिवे बंद, मुलं बाकांखाली. एक लहान मुलगी तोंडावर दोन्ही हात दाबून रडत होती, असं मी मागाहून ऐकलं. त्या भीतीला मी हसत नाही. या देशातल्या शाळांमध्ये खरी बंदूक येऊन गेलेली आहे, आणि ते पोरांना ठाऊक आहे.

शाळेचा रखवालदार जपून जवळ आला. त्याने मला उचललं, नखाने टकटक केलं. "अहो सर, लाकूड आहे हे!"

"लाकूड आहे ते मलाही दिसतंय," मुख्याध्यापक डनमायर सर म्हणाले. "पण दिसतं बंदुकीसारखं ना?"

"सर, ती आपल्याच शाळेची आहे," कॉरिन म्हणाली. "बुडाशी नाव बघा ना."

"अरे बापरे! म्हणजे शाळेचं नावही गोवलंस यात?"

कॉरिनला घरी पाठवलं. माझ्याभोवती 'रिकामी' अशी पिवळी पट्टी बांधून मला डनमायर सरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात उभं केलं. जिचं आयुष्य हवेत गेलं तिला कपाट म्हणजे काय असतं, ते तुम्हाला कसं सांगू? डोकं वर टेकलेलं, बूड खाली टेकलेलं, दोन्ही बाजूंना फायली. दुपारी बँड वाजायचा. माझ्या फेकीचा ठेका यायचा आणि मी जागच्या जागी उभी. कॉरिनचाही असाच कोंडमारा होत असणार. वर्ष गेलं असतं तर तिच्या बरोबरच्या मुली पुढे निघून गेल्या असत्या, आणि 'शस्त्र आणलं म्हणून काढलेली' हा शिक्का जन्मभर राहिला असता.

तिची सुनावणी सोमवारी ठरली. पण तो सोमवार हरणांचा निघाला. सुनावणी घेणारं शाळेचं सगळं मंडळ बंदुका घेऊन रानात गेलेलं. सुनावणी पुढे ढकलली.

शेवटी मंडळी डनमायर सरांच्याच खोलीत जमली. अध्यक्ष रीगल काका, गावातले हार्डवेअरचे दुकानदार. काडतुसंही त्यांच्याकडेच मिळतात.

"डनमायर, पोरगी चांगली आहे रे."

"काय करू साहेब, माझ्या हातात काही नाही." त्या वेळी त्यांच्या हातात मी होते.

"मीच तिला न्यायला सांगितलं होतं," स्ट्रॉब बाई म्हणाल्या.

"परवानगी विचारात घ्यायची नाही, बाई. तसा नियम आहे."

रीगल काका कॉरिनकडे वळले. "हे बघ बेटा, नुसतं म्हण की चुकून शस्त्र आणलं. महिन्याभरात परत घेतो तुला."

"पण काका, ते शस्त्र नाहीये. मग ते खोटं बोलणं होईल."

"होईना का! डनमायर, खोटं बोललं तर काय होतं?"

"त्यालाही शिक्षा आहे, साहेब."

"पोरी, समजून घे गं जरा," काका कपाळ पुसत म्हणाले. "नियम म्हणतो, कुणाला तरी बाहेर काढा. मी काय करू?"

"मग हिला काढा!" स्ट्रॉब बाई माझ्याकडे हात करून ओरडल्या. त्या संतापून बोलल्या होत्या. पण ते ऐकताच मंडळींचे चेहरे उजळले. काकांनी तिथल्या तिथे ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. कॉरिनवरचा ठपका पुसला गेला आणि ती त्याच दिवशी वर्गात बसली. शाळेतून एक वर्षासाठी हकालपट्टी झाली ती माझी.

हकालपट्टी झालेल्याने शाळेबाहेर जायचं असतं. पण बाहेर न्यायचं तर मला कॉरिडॉरमधून न्यावं लागणार, आणि कॉरिडॉरमध्ये मी शस्त्र. म्हणून मी कपाटातच राहिले. वर्ष संपलं. कॉरिन शाळेतून पास होऊन गेली. डनमायर सरांनी कपाट उघडलं, माझ्याकडे पाहिलं, कॉरिडॉरकडे पाहिलं आणि हळूच दार लावून घेतलं. माणूस वाईट नाही. घाबरलेला आहे.

मित्रांनो, पोरांना जपायला नियम हवेतच. मी ते तोडायला सांगत नाही. एवढंच मागते, की शिक्षा देण्याआधी वस्तू एकदा हातात घेऊन बघा आणि माणसाला एकदा तरी 'का' म्हणून विचारा. आणखी एक. या खोलीला मोठी खिडकी आहे. खाली अंगण आणि अंगणापलीकडे व्यायामशाळेचं मागचं दार. नियम इमारतीच्या आतला आहे. खिडकीबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर सरांना नमस्कार करा आणि नुसतं खिडकीकडे बोट दाखवा. मात्र दाखवताना अंगठा वर ठेवू नका. बोट बंदुकीसारखं दिसलं, तर कपाटात माझ्या शेजारी जागा आहे.