माचू पिचूची तयारी

बायकोनं माचू पिचूला जायचं ठरवलं, तेव्हा शिंपीदादा लगेच "जाऊ या की" म्हणाले. खरं तर स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी ते उंचीला घाबरून बायकोलाच वर चढवायचे. पण डोंगरमाथ्यावरचं ते इंका लोकांचं जुनं दगडी शहर बघायचं, हे तिचं शाळेपासूनचं वेड होतं आणि नर्सची नोकरी संपवून ती आता कुठं मोकळी झाली होती.

ती नकाशे पसरून बसली, की हे "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत सटकायचे. एकदा वाळलेले कपडे काढायला ती गच्चीवर गेली, तर स्वारी टाकीचा पाइप घट्ट धरून, घामाघूम होऊन उभी.

"अहो, हे काय चाललंय?"

"सराव. आधी जिन्याच्या दारातच थांबायचो. आता इथवर आलोय."

तिला हसू आवरेना. "तिथं कड्यापाशी जायलाच हवं असं कुठंय? तुम्ही मागं निवांत बसा."

"तू जाणारच पुढं. मग मी काय लांबून तुझी पाठ बघत बसू?"

तिनं कपडे दोरीवरच सोडले आणि त्यांचा हात धरला. दोघं हळूहळू कठड्यापर्यंत गेली. त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

"उघडा आता. मी आहे."

त्यांनी एक डोळा किलकिला केला. खाली झाडांचे शेंडे होते, बेकरीचं पत्र्याचं छप्पर होतं.

"बरं दिसतंय की," ते म्हणाले आणि दुसराही डोळा उघडला.

त्याच संध्याकाळी दोघांनी विमानाची तिकिटं काढली.