एकाच फोनचा नेम

एक नोव्हेंबरपासून आपल्या फोनवर हे ॲप चालणार नाही, असं माझ्या फोननं मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. सांगितलं म्हणजे पडद्यावर लिहून आलं, आणि खाली 'ठीक आहे' असं एकच बटण. ठीक नाही म्हणायची सोयच नव्हती. मी दुपारपर्यंत ते बटण दाबलं नाही. न दाबल्यानं नोव्हेंबर अडेल असं काही नव्हतं, तरी.

ते ॲप म्हणजे माझी आणि ब्राह्मीची संध्याकाळ. ब्राह्मी माझी एकुलती लेक, जूनपासून बेंगळुरात आहे. औषधांच्या लॅबमध्ये काम, सात ते चार, आणि एकटीची खोली. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. पण एकट्या माणसाला कुठला दिवस आणि कुठलं मावळणं. पहिल्या महिन्यात पोरगी चार किलो उतरली. विचारलं तर म्हणे, भूकच नव्हती. तेव्हापासून मी रोज साडेपाचला व्हिडिओ कॉल लावते. तिचं ताट बघितल्याशिवाय माझं वाढून घेत नाही. तिच्याकडं सूर्य आमच्यापेक्षा दहा-बारा मिनिटं आधी बुडतो, म्हणून वेळ तिच्या सूर्याची धरायची. गप्पा अशा काही नसतात. ती खाते, मी खाते. माझे यजमान बाबगोंडा, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं आणि मीही तेच म्हणते, मागून येऊन "ताक घेतलीस का?" एवढं विचारतात आणि जातात.

"मग नवा फोन घे की," ब्राह्मी म्हणाली. "मी पाठवून देते."

"नेम हाय माझा."

"आई, एका फोनसाठी कोण नेम धरून बसतं गं?"

"तुला दिवसाउजेडी जेवाय लावतोय तो नेमच हाय की. तुझा धरायचा आणि माझा सोडायचा व्हय?"

ती भात कालवत बसली. माझं बोलणं पटलं म्हणून नव्हे, पुढं बोलून उपयोग नाही म्हणून.

नेम असा. पाच वर्षांमागं चातुर्मासात आमच्या बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, एक साध्वी माताजी मुक्कामाला होत्या. प्रवचन संपताना त्यांनी विचारलं, वस्तू जमवायचा सोस कोण कमी करणार? एकीनं साड्या बारावर आणल्या, दुसरीनं चपला दोन जोडांवर. मी उठले आणि म्हटलं, आमच्या घरात स्मार्टफोन एकच राहील, आहे हाच, दुसरा आणणार नाही. तेव्हा तो दोन वर्षांचा होता, गुटगुटीत. फोनलाही म्हातारपण असतं हे मला सुचलंच नाही.

आणि खरं तर तो म्हातारा दिसतही नव्हता. काच शाबूत, आवाज खणखणीत. फक्त त्याच्या कंपनीनं त्याच्यासाठी नवं काही धाडायचं कधीच बंद केलं होतं. माणूस धडधाकट, पण पेन्शनीत काढलेला.

मी दहावीपर्यंत शिकले. पुढचं सगळं ह्या फोनवर बघून. शिलाई मशीन खोलून परत बसवणं, बोअरच्या स्टार्टरचं कनेक्शन, थोडं इंग्रजी. तेव्हा ह्यावेळीही त्यालाच विचारलं, जुन्या फोनला नवं कसं करायचं? त्यानं स्वतःवरच्या ऑपरेशनची माहिती निमूट काढून दिली.

कळलं ते असं. फोनच्या आत एक सिस्टीम असते, ती सगळं चालवते. कंपनीनं दिलेली सिस्टीम काढून दुसरी घालता येते, आणि ही दुसरी कुणा एकाच्या मालकीची नसते. जगभरची माणसं ती लिहितात, आणि कशी लिहिली तेही उघडं ठेवतात. हे वाचून मला आमच्या बस्तीतली भांडी आठवली. लग्न असेल त्यानं न्यायची, घासून आणून ठेवायची, आणि कान तुटलेला ज्याला दिसेल त्यानं डाग द्यायचा. पातेल्यावर नाव असतं ते कुणी दान दिलं त्याचं, मालकाचं नव्हे. अशी भांडी चालतात, तर फोन का चालू नये?

आता अडचण अशी की ज्या फोनमध्ये रीत लिहिलेली, तोच फोन ऑपरेशनच्या वेळी बेशुद्ध असणार. म्हणून मी ब्राह्मीची शाळेची अर्धी कोरी वही काढली आणि सगळं उतरवून घेतलं. इंग्रजी शब्द, पुढं माझ्या भाषेत त्याचा अर्थ. बूटलोडर, म्हणजे कुलूप. रिकव्हरी, म्हणजे मागचं दार, घर झोपलेलं असताना आत जायला. सहा दिवस लागले. एकूण तेवीस ओळी झाल्या.

आप्पांनी वही चाळली. "आणि ह्यानं फोन नवा हुतो?"

"आतनं."

"मग नेमाचं काय?"

हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही, पण मी त्याला सहा दिवस वहीखाली दाबून ठेवला होता. आपल्यात शिकवतात, जीव तोच आणि अंग बदलतं. इथं अंग तेच आणि जीव बदलायचा. मग हा फोन आधीचा की दुसरा?

"मला उसातलं इचार," आप्पा म्हणाले. "हे जाऊन माताजींना इचार."

यंदाच्या चातुर्मासातल्या माताजी वेगळ्या, सत्तरीच्या, हुबळीकडच्या. मोरपिसांची झाडणी, म्हणजे पिंछी, बाजूला ठेवून चटईवर बसल्या होत्या. मी लांबूनच नमस्कार करून सगळं सांगितलं, बूटलोडरसकट. त्यांनी ते मन लावून ऐकलं.

"नेम घेतलास तेव्हा मनात काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी ठरलेलं उत्तर देणार होते, पण ते खोटं झालं असतं. कारण माझ्या मनात तेव्हा वस्तूंचा सोस वगैरे काही नव्हतं. माझ्यासमोर माझी धाकटी जाऊ क्षमा बसली होती, हातात दोन वर्षांतला तिसरा फोन, आणि ती तो सगळ्यांना फिरवून दाखवत होती. मी नेम घेतला तो तिच्याकडं बघत.

"जाऊबाईंना दाखवायला घेतला," मी म्हटलं.

माताजी हसल्या. "आता हे कुणाला दाखवायचं आहे?"

"कुणाला न्हाय. पोरीला जेवताना बघायचंय."

"मग कर. बाहेरून काही आणत नाहीस. आणि त्या जावेशी बोलतेस का?"

"कामापुरतं."

"हं," त्या म्हणाल्या, आणि पिंछी उचलून उठल्या. ह्या 'हं'चा अर्थ मला वाटेत कळला. माझ्या वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, कॉम्प्युटर पाहिजे. आमच्या गल्लीत लॅपटॉप एकाच घरात होता.

क्षमा निपाणीच्या एका इंग्रजी शाळेत शिकवते. रविवारी तीन वाजता मी वही आणि फोन घेऊन तिच्या दारात उभी राहिले.

"आक्का? आज इकडं कशा वाट चुकलासा?"

"तुझा लॅपटॉप पायजे. संध्याकाळपतोर."

तिनं कारण ऐकलं, वही हातात घेतली, पानं उलटली. मला वाटलं आता टोमणा येणार. तो आलाच. "नवा फोन घेतला असता तर पाच मिन्टाचं काम हुतं." पण म्हणता म्हणता तिनं टेबलावरचे पेपर बाजूला केले आणि दुसरी खुर्ची ओढली.

पहिला तास वायरीत गेला. लॅपटॉपला फोन दिसेचना. माझी वायर फक्त करंट नेणारी निघाली, बोलणं नेणारी नव्हे. क्षमानं एक खण उपसला, त्यात वायरींचं वेटोळं. "तीन फोन घेतल्याचा एवढा तरी फायदा," ती म्हणाली, आणि मी हसले. हसताना आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

मग कुलूप. पडद्यावर लाल अक्षरांत आलं की आतलं सगळं पुसलं जाईल. फोटो आधीच लॅपटॉपवर उतरवले होते, तरी माझं बोट थांबलं.

"दाबू मी?" क्षमानं विचारलं.

"न्हाय. माझा फोन हाय."

दाबलं. फोन काळा झाला आणि पुन्हा जुन्याच रूपात उठून बसला, रिकामा. मग मागचं दार. क्षमा वही वाचायची, मी लॅपटॉपवर एकेक अक्षर टायपायची. ती शिकवते तशी वाचत होती, प्रत्येक ओळीखाली बोट धरून.

"अठरावी ओळ खोडलीय तुम्ही."

"ती नको. पुसण्याचीच हाय, आन् पुसून झालंय वर."

एकोणिसावी, विसावी. नवी सिस्टीम आत जायला लागली, टक्के चढायला लागले. सत्तेचाळीसवर जरा अडकले. मग शंभर झाले. फोन बंद होऊन सुरू झाला आणि पडद्यावर एक निळं कडं गरगर फिरायला लागलं.

वहीत लिहिलं होतं, पहिल्यांदा वेळ लागतो, पंधरा मिनिटं. पंधरा झाली. तीस झाली. कडं फिरतच होतं, मध्येच थांबायचं, काळोख, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी त्याच्याकडं बघत बसले. जुनी सिस्टीम गेली होती, नवी येत नव्हती. माझ्या हातात फोनच्या आकाराची फरशी होती. नेम मी मोडला नव्हता, तरी फोन गेला होता. आणि साडेपाच वाजले होते.

क्षमानं तिचा फोन माझ्यापुढं सरकवला.

"नको."

"आक्का, पाच वर्सं माझ्या फोनाला हात लावला न्हाईसा. आज पोरगी तिकडं ताट घिऊन बसली असंल. नेम तुमच्या घरातल्या फोनचा हाय. हे घर माझं हाय."

मी नंबर लावला. ब्राह्मी पहिल्याच रिंगला दिसली, मागं तिची खिडकी तांबूस झालेली. "काकूचा नंबर? काय झालं?"

"काय न्हाय. तू बस जेवायला."

तिनं दहीभाताचं ताट पुढं घेतलं. मग आम्ही दोघींनी मिळून तिला फिरणारं कडं दाखवलं. चावता चावता ती म्हणाली, "वही धर बघू कॅमेऱ्यापुढं." मी पानं धरली. तिला कॉम्प्युटरमधलं विशेष काही कळत नाही, पण दिवसभर ती कागदावरच्या पायऱ्या बघूनच काम करते.

"ही एक ओळ का खोडलीस?"

"एकदा पुसून झालंय. घासलेलं भांडं परत कशाला घासायचं?"

"मधे फोन जुन्या सिस्टीमवर उठला होता का?"

"उठलाय की, थोडा वेळ," क्षमा म्हणाली.

"मग तेवढ्या वेळात तिनं परत आपला पसारा मांडला असेल. आम्ही घासलेलं परत घासतो, आई. लॅबमध्ये एक पायरी गाळली की सगळं ओतून द्यावं लागतं."

काटकसरीनं आयुष्यभर वाचवलेल्या पायऱ्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

बटणं दाबून धरली, मागचं दार उघडलं, अठरावी ओळ केली. फोननं विचारलं, खरंच सगळं पुसू? 'येस' हा शब्द अक्षर अक्षर लिहून मागत होता. लिहिला. पुन्हा निळं कडं. ब्राह्मीनं ताट संपवलं, हात धुऊन आली, तरी ते फिरतच होतं. क्षमा फोनकडं बघून पुटपुटत होती, आमचा णमोकार मंत्र असावा. मग कडं थांबलं, पडदा पांढरा झाला आणि भाषांची लांबलचक यादी आली. मी मराठीपर्यंत खाली सरकत गेले. वाटेत कन्नड लागली, तिच्यावर क्षमानं उगाच एकदा बोट टेकवून उचललं.

"आला," ती म्हणाली.

"बाकीचं सावकाश करा," ब्राह्मी म्हणाली. "आई, तू जेवलीस?"

मी खिडकीकडं बघितलं. बाहेर दिवे लागले होते. क्षमानंही बघितलं. तिच्या चुलीवर काही नव्हतं, माझ्याही नव्हतं.

"न्हाय," मी म्हटलं. "मावळला की."

"आणि काकू?"

"मी पण न्हाय."

ब्राह्मीनं भुवया आवळल्या. ती रागावली की तिच्या बापासारखी दिसते. "उद्यापासून कॉल मी लावणार," ती म्हणाली. "सव्वापाचला. ताट घेऊन बसायचं. आणि दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमानं शाळेला जाताना येऊन ॲप घालून दिलं. संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तर कुठूनतरी पाण्यात थेंब पडल्यासारखा टिंगटिंग असा अनोळखी आवाज यायला लागला. कुणाचा फोन वाजतोय म्हणून मी खिडकीतून गल्लीत डोकावले.

"तुझाच हाय," आप्पा म्हणाले. "उचल. आन् आधी वाढून घे."