ड्रिलबाईंचा पाय

शाळेत त्यांना सगळे ड्रिलबाई म्हणत आणि वॉर्डातही तेच नाव चिकटलं. त्यांच्या एका हाकेसरशी अख्खं मैदान ताठ उभं राहायचं. पण पोटाला चिमटा घेऊन व्यायाम करता करता बाईंच्या हृदयाने मान टाकली आणि त्या इस्पितळात येऊन पडल्या. इथे व्यायाम बंद. त्यावर लक्ष ठेवायला घोट्याला एक पट्टा, पाय हलला की नोंद करणारा. वॉर्डातल्या अशाच उपाशी राहणाऱ्या बायकांच्या मनात व्यायामाचा हट्ट किती मुरलाय, ते मोजायला एक संशोधक मुलगी यायची. बायका तिला मोजणीवाली म्हणत. पट्टा शांत राहिला तर घरी.

ड्रिलबाईंचा पट्टा शांत होता, कारण बाई पाय हलवतच नव्हत्या. पांघरुणाखाली पोटऱ्या आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई किती निवांत पडल्यात! यंत्राच्या डोळ्यांत धूळ फेकल्याचा त्यांना चक्क अभिमान होता. आज सुट्टी मिळणार म्हणून सोबतीला राहिलेल्या थोरल्या बहिणीने, ताईने, बॅग भरली होती. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती.

ताई चहा आणायला गेली, तशी शेजारच्या खाटेवरची शिवणकामवाली कुजबुजली. ती परवाच दाखल झाली होती.

"बाई, मी बघितलंय तुम्ही काय करता ते. मलाही शिकवा ना. दोन घास खाल्लेत, तर जीव नुसता तळमळतोय."

कुणी शिकवा म्हटलं की ड्रिलबाईंना राहवत नसे. त्यांनी शिकवलं. शिष्या हुशार निघाली, आणि थोड्याच वेळात तिचे ओठ पांढरेफटक पडले. बाईंनी सवयीने तिचं मनगट धरलं. नाडी सापडेचना, सापडली तीही अडखळत.

"विश्राम!" बाई ओरडल्या.

"थांबताच येत नाहीये, बाई."

बाईंनी घंटी दाबली, नर्स धावत आली. तिला बाईंनी सगळं सांगून टाकलं. शिवणकामवाली थोडक्यात वाचली. तिच्या घोट्यावरचा पट्टा मात्र काही घडलंच नाही असा गप्प होता.

ड्रिलबाई भीतीने गार पडल्या होत्या. तरीही त्यांच्या स्वतःच्या पोटऱ्या आवळत होत्या, सुटत होत्या. हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना आधी लाज वाटली आणि मग भयंकर राग आला.

यातलं काहीच ठाऊक नसलेली मोजणीवाली पट्टा सोडायला आली. मागोमाग ताई चहा घेऊन आली.

"अभिनंदन! तुमचा आकडा वॉर्डात सगळ्यात कमी आहे," मोजणीवाली म्हणाली.

"पट्ट्याला मी फसवलंय, पोरी. हात ठेव इथे."

मुलीने पोटरीवर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

"पाय किती हलला ते काय मोजतेस? आम्हाला थांबायला सांग. थांबल्यावर काय होतं, ते विचार."

"काय होतं?"

"खाल्लेला घास चोरीचा वाटतो," बाई म्हणाल्या. हे त्यांनी ताईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, "मग आज घरी नाही सोडता येणार."

"माहीत आहे. ताई, बॅग रिकामी कर."

"अगं, निघायच्या वेळी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतेस?"

"घेते. त्याशिवाय हा थांबायचा नाही."

ताई हसायला गेली आणि रडली. मग डोळे पुसून तिने बॅगेची चेन उघडली.

बाई खाटेवरून उतरून खुर्चीत बसल्या आणि मुलीचा हात त्यांनी पुन्हा पोटरीवर ठेवून घेतला. छाती भरून श्वास घेतला आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाल्या, "विश्राम!" सगळा वॉर्ड दचकला. पाय दचकला नाही. मुलीच्या हाताखाली पोटरी पुन्हा आवळली.

"ऐकत नाहीये," मुलगी हळूच म्हणाली.

"वर्गातलं सगळ्यात उनाड कार्टं आहे ते. पण उनाड कार्ट्यांना मी वर्गाबाहेर काढत नाही, समोर बसवते. तू हात काढू नकोस. पाय थांबला असं मी खोटं बोलले तर सांग."

मुलीने दुसराही हात ठेवला. बाईंनी पुन्हा श्वास भरला.

"विश्राम!"